फळ्याचं टेबल

आमच्या घरात त्या वर्षी एकच माणूस शिकतोय, असं कुणालाही वाटलं असतं. तो म्हणजे माझा मोठा भाऊ, मिलिंददादा. बारावीला त्याला चांगले मार्क पडले होते, पण डॉक्टरकीला लागतात तितके नाही. म्हणून तो लातूरला खोली करून पुन्हा तीच बारावी करत होता. मीही नांदेडातच तंत्रनिकेतनात स्थापत्याची पदविका करत होते, पण घरात त्याला शिक्षण असं नाव नव्हतं. शेजारच्या बायांनी विचारलं तर माय सांगायची, "पोरगं डॉक्टरकीला हाय, अन् सुजाता नकाशे काढती." सणावाराला कुणी रांगोळ्या काढाव्यात तसं. मला राग यायचा, पण राग धरून बसायला त्या घरात जागा नव्हती आणि तो काढायला कुणाला वेळ नव्हता. त्या दिवसांचं काय आठवतं असं कुणी विचारलं, तर मी आधी हेच सांगेन की आम्ही सगळे फार दमलेलो होतो. का दमलो आहोत हे एकमेकांना विचारायची पद्धत नव्हती.

बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते आणि आमचं घर आगाराच्या मागच्या भिंतीला लागून होतं. पहाटे लातूरची पहिली गाडी चालू करून ठेवायचे, ती बराच वेळ नुसती घरघरत राहायची, आणि त्याच वेळी इकडे माय भाकरी थापायला घ्यायची. ते दोन्ही आवाज माझ्या कानात असे मिसळून गेलेत की आजही कुठं डिझेलचं इंजिन घरघरलं की मला भूक लागते. दादाचा डबा त्याच लातूरच्या गाडीनं जायचा. लातूरला शिकणाऱ्या पोरांचे डबे तेव्हा गावोगावहून असेच निघायचे. कंडक्टरच्या सीटमागे कापडी पिशव्यांची ओळ लागायची, प्रत्येकीवर दोऱ्यानं शिवलेलं नाव. दादा स्टँडवर येऊन डबा उचलायचा आणि कालचा रिकामा परतीच्या गाडीत ठेवायचा. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची भाजी, कधी वरून तूप घातलेलं वरण, जे काही चांगलं व्हायचं ते आधी त्या डब्यात जायचं. आम्ही उरलेलं खायचो, किंवा सकाळी मुरमुरे भिजवून फोडणी दिलेली सुशीला. रिकामा डबा परत आला की माय तो उघडून बघायची. चाटूनपुसून खाल्लेला दिसला की त्या दिवशी तिचा आवाज जरा मोकळा व्हायचा.

माझं ड्रॉइंग जमिनीवर चालायचं. बोर्डाच्या एका कडेखाली विटा ठेवायच्या आणि दुसऱ्या कडेखाली पिठाचा डबा, म्हणजे त्याला थोडा उतार यायचा. मी इमारतीचा छेद काढत असले आणि माय म्हणाली, "डबा दे गं, पीठ काढायचंय," की सगळा जिना खाली घसरायचा. तासन् तास गुडघ्यावर वाकून काढायचं. मान अशी धरायची की मी आख्ख्या अंगानं वळून बघायचे, आणि कॉलेजातल्या पोरी मला बुजगावणं म्हणायच्या. ती मान आता पट्ट्यात असते. डॉक्टर विचारतात, कधीपासून दुखते? मी सांगते, पिठाच्या डब्यापासून. त्यांना वाटतं बाईचं काहीतरी बिघडलंय.

टेबलाची गोष्ट सुरू झाली ती कंधारच्या मामामुळे. मामा तिकडे एका खेड्यात शाळेवर मास्तर होता. शाळेत सिमेंटचा नवा फळा झाला आणि जुना लाकडी फळा लिलावात निघाला, तो मामानं घेतला आणि कंधारच्या गाडीच्या टपावर टाकून आमच्याकडे पाठवला. "पोरगी जमिनीवर लोळून काढती, तिला द्या," एवढाच निरोप कंडक्टरच्या तोंडी आला. फळा चांगल्या लाकडाचा, रुंद आणि सपाट. बाबांनी सुट्टीच्या दिवशी त्याचा काळा रंग खरवडला, पण काळेपणा रेषांमधून पूर्ण कधी गेलाच नाही. हाताला मात्र फळी अशी गुळगुळीत लागायची की मी येता-जाता तिच्यावरून तळवा फिरवायचे. पाय आगाराबाहेरच्या सुतारानं करून दिले. राहिलं होतं ते लोखंडी सामान.

त्यासाठी बाबांबरोबर मी गफूरचाचांच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना खोकी आणि प्रत्येक खोक्यावर नमुन्याचा एक खिळा, एक कडी किंवा एक बिजागरी बांधलेली. चाचांना उठायला लागायचं नाही. बसल्या जागेवरून काठीनं खोकं दाखवायचे. बाबांचा अर्धा जन्म बसगाड्यांत गेलेला, त्यामुळे त्यांची निवड ठरलेली होती: जे हलत नाही ते चांगलं. प्रत्येक बोल्टला दोन नट, मध्ये स्प्रिंगचं वायसर. मी म्हटलं, "बाबा, पण वरची फळी हलायलाच पायजे. वर-खाली करता आली पायजे." त्यांना ते पटेना. "हलणाऱ्या वस्तूवर सरळ रेघ कशी निघंल?" असं त्यांचं म्हणणं. शेवटी चाचा हसून म्हणाले, "मास्टर, लडकी को पूछो, टेबल उसका है." त्या वाक्याचा मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. माझं म्हणावं असं त्या घरात तोवर एक टॉवेलसुद्धा नव्हता.

मी पितळी बिजागऱ्या निवडल्या, कारण त्यांची चाल मऊ होती. बोटानं उघडझाप केली तर कुरकुरत नव्हत्या. फळी हव्या त्या उताराला टेकवायला खाचा पाडलेली लोखंडी पट्टी घेतली, आणि ती आवळायला पंखाचे नट, म्हणजे पाना लागत नाही, नुसत्या बोटांनी फिरतात. बाबा घरी येईपर्यंत पिशवी हलवून आवाज ऐकत होते आणि मान हलवत होते. पण बसवलं मात्र त्यांनी जीव लावून. पहिल्यांदा फळी वर उचलली, पट्टी खाचेत बसली, आणि मी उभी राहून, मान न मोडता एक रेघ ओढली. माय चुलीपासून उठून बघायला आली. म्हणाली, "आता माझा डबा सुटला." ते टेबल माझं म्हणून राहिलं ते गणपती उठेपर्यंत.

विसर्जनाच्या त्या रात्रीनंतर पहाटे जो भूकंप झाला त्याबद्दल पुष्कळ लिहून आलं आहे आणि मी तिकडे नव्हते. नांदेडात आमची भांडी वाजली, एवढंच. पण आगाराला सगळं आधी कळायचं. उजाडल्यावर लातूर, औशाकडून आलेले ड्रायव्हर सांगायला लागले आणि बाबा घरी न येता तसेच पहिल्या गाडीनं लातूरला गेले. संध्याकाळी दादाला घेऊन आले. लातुरात त्याच्या खोलीला फक्त भेग पडली होती, त्याला कुठं ओरखडाही नव्हता. माय रडली, मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या, आणि मग आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो, तो काही बोलेल म्हणून. तो गाढ झोपलेल्या माणसाला उठवून बसवावं तसा बसला होता.

पुढं कितीतरी दिवस तो छताखाली झोपला नाही. तसं तेव्हा सगळा मराठवाडाच अंगणात झोपत होता, त्यामुळे कुणाला विशेष वाटलं नाही. तो जेवायचा कमी, पुस्तक उघडायचा आणि एकाच पानावर बसायचा. आगाराच्या भिंतीपलीकडे गाडी सुरू झाली की जमिनीतून हलकी थरथर यायची. आम्हाला ती कधी जाणवलीही नव्हती, पण तो पाणी पिताना थांबायचा. बाबांना काळजी होती ती अभ्यासाची. लातुरातले क्लास पुन्हा सुरू झाल्याचा निरोप कंडक्टरनं आणला होता, पोरं परतायला लागली होती. "एवढं वर्स धर बाळा," बाबा त्याला म्हणायचे, "मग मी तुला काही म्हणणार न्हाई." मायही म्हणायची. मीही म्हटलं असेल. सगळ्या घरानं त्या एका डब्यावर इतके दिवस जीव टाकला होता, तो डबा आता बंद करायचा हे कुणाला सुचणंच शक्य नव्हतं.

आणि एके दिवशी दादा आपण होऊन बोलला. टेबलाजवळ उभा होता, त्याचा एक पाय हातानं चाचपत. म्हणाला, "बाबा, जातो मी. पण हे टेबल मला द्या. तिथं खाटेवर बसून पाठ दुखती." बाबांचा चेहरा असा उजळला की मी तिकडे बघू शकले नाही. "घेऊन जा की! तुझंच हाय," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. कसायाला गाय धार्जिणी म्हणतात तसं झालं, माझ्याच तोंडून निघालं, "घेऊन जाऊ दे." मग दादा म्हणाला, "पण तिरकं नको. पक्कं करून द्या. उंची थोडी वाढवा. अन् सामान मी निवडतो."

गफूरचाचांकडे आम्ही पुन्हा गेलो, या वेळी तिघं. दादानं पितळी बिजागऱ्यांकडे ढुंकून बघितलं नाही. प्रत्येक कोपऱ्याला लावायला जाड लोखंडाच्या काटकोनी पट्ट्या काढायला लावल्या, त्यातल्या पातळ बाजूला सारल्या, जाड हातात घेऊन वाकतात का बघितल्या. बोल्ट बोटाएवढे. मी दादाला इतकं मन लावून काही करताना त्या आजारलेल्या दिवसांत पहिल्यांदाच बघत होते. बाबा म्हणाले, "खाली पायांच्या मधी एक आडवी पट्टी टाकू. पाय ठेवायला बी होतंय, अन् मजबुती येती."

"आडवी पट्टी नको," दादा म्हणाला.

"अरे, तिच्याबिगर टेबल हलतंय."

"नको म्हणलं ना बाबा. खाली मोकळं पायजे. त्यापरीस कोपऱ्याला डबल लावा." मग त्यानं चाचांना विचारलं, "चाचा, ह्याच्यावर वजन किती टिकंल?"

चाचा म्हणाले, "बेटा, हाथी बिठाव."

दादा हसला नाही. त्यानं अजून एक जोड मागितला. बाबा मात्र दुकानभर खुशीत होते. परत येताना मला हळूच म्हणाले, "बघितलंस? लागलं पोरगं अभ्यासाला. किती चिकित्सा केली!" आगारात दोन नटांवर आयुष्य काढलेल्या माणसाला घट्ट, जाड, न हलणारी वस्तू मागणारा मुलगा म्हणजे मार्गाला लागलेला मुलगाच वाटणार. मलाही वेगळं काही दिसलं नाही. मला दिसत होतं ते इतकंच, की घरी गेल्यावर माझ्या बिजागऱ्या निघणार. आणि त्या निघाल्या. बाबांनी त्यांच्या भोकांत लाकडाचा भुसा आणि सरस भरला, वरून कानस मारली, आणि फळी कायमची आडवी झाली. मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. माय भाकरी वाढायला बोलवायला आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला बी करू गं पुढच्या वर्सी." तिलाही ते खोटं सांगायचा कंटाळा आला होता, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

टेबल लातूरच्या गाडीच्या टपावर चढलं. आत बाबा, दादा आणि मी. खोली झाडून स्टो-भांडी लावून द्यायला माझी नेमणूक झाली होती. लोहा, अहमदपूर, चाकूर, रस्ताभर मदतीचे ट्रक पुढे जात होते. दादा खिडकीच्या गजाला कपाळ लावून बसला होता. लातुरात घरांपुढे अजून ताडपत्र्या होत्या, लोक बाहेरच स्वयंपाक करत होते, आणि त्याच ताडपत्र्यांच्या मधून सायकलवर पोरांचे जथे क्लासला चालले होते, कॅरियरला वह्या, तोंडानं सूत्रं घोकत. भिंतींवर शिकवण्यांच्या नव्या पाट्या लागल्या होत्या. एका भिंतीला एवढी भेग होती की पाटी दोन तुकड्यांत दिसत होती. मला ते बघूनच थकवा आला.

दादाची खोली तळमजल्यावर होती. घरमालकिणीनं भेगेत सिमेंट भरून घेतलं होतं, भिंतीवर एक ओला करडा साप चढल्यासारखं दिसत होतं. टेबल दारातून आत जाईना म्हणून बाबांनी पाय सोडवले, आत नेले आणि बसून पुन्हा आवळायला घेतले. दुपारची वेळ होती. मी स्टोला पिन करत होते. दादा फळीचं एक टोक धरून उभा होता. शेवटचा बोल्ट आवळला आणि बाबा उठून हात पुसत म्हणाले, "झालं. आता हत्ती आण." तेवढ्यात स्टोजवळचं पातेलं हललं.

फार काही नव्हतं. भांडी वाजली, दाराची कडी वाजली, आणि बोळातून एकदम आरडाओरडा. मी पळत बाहेर गेले. बाबाही दारापर्यंत आले आणि मागे वळून थबकले. दादा बाहेर आला नव्हता. तो टेबलाखाली होता. गुडघे छातीशी, मान खाली, आणि दोन्ही हातांनी टेबलाचे दोन पाय धरलेले. आडवी पट्टी का नको होती, उंची का वाढवायची होती, वजन किती टिकेल, सगळं एका क्षणात माझ्यापुढे उघडं पडलं. बाबांकडे बघितलं तर त्यांनाही तेच कळल्याचं दिसत होतं. त्यांचा पाना हातातच राहिला होता.

"मिलिंदा," बाबा वाकून म्हणाले, "थांबलं बघ. ये भाईर."

"न्हाई."

"काही न्हाई झालं रे. सगळे भाईर उभे हायेत बघ."

"बाबा, तुमी आत या."

हे त्यानं अगदी लहान आवाजात म्हटलं. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग पाना खाली ठेवला, खाली बसले, आणि तो दांडगा माणूस खांदे आकसून, सरपटत टेबलाखाली गेला. मला दारातून दोघांचे पाय तेवढे दिसत होते. बाहेर पोरं हसायला लागली होती, एकमेकांना ढकलत होती, कुणीतरी "चला रे, क्लास बुडंल," म्हणालं आणि सगळी सायकलींवर गेलीसुद्धा. मग आतून बाबांचा आवाज आला, "झोपतोस तरी का रं इथं?"

"न्हाई येत झोप."

"भूकंपापासून?"

"त्याच्या आधीपासूनच न्हाई येत, बाबा. डबा बी खात न्हाई मी. पोरांना देतो."

मला माय आठवली, रिकाम्या डब्यात वाकून बघणारी. बाबा टेबलाखालून बाहेर निघाले तेव्हा डोळे पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. उभे राहिले, सदऱ्याची धूळ झटकली आणि म्हणाले, "सामान बांध. घरी जायचंय."

दादा आधी हललाच नाही, त्याला ते खरं वाटेना. मग भराभर पुस्तकं गोळा करायला लागला. मीही पुढे झाले आणि पाना उचलला. मनात म्हटलं, चला, हे आता परत घरी, बिजागऱ्या मी जपून ठेवल्यात. पण खोली रिकामी होतेय हे बोळात कसं कळलं कोण जाणे. तळमजल्यावरच्या खोल्यांना त्या दिवसांत सोन्याचा भाव होता. वर राहायला कुणी तयार नव्हतं. आमची वळकटी बांधून होते न होते तोच जळकोटचे एक गृहस्थ दारात उभे राहिले, मागे ट्रंक घेऊन त्यांचा मुलगा. खोली सोडता का, म्हणून विचारलं. मग टेबलावर थाप मारून म्हणाले, "हे बी देता का?"

"घ्या," बाबा म्हणाले. "पैसे नकोत."

"बाबा!" मी ओरडले. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सुजे, ते घरात नको. रोज त्याच्या डोळ्यापुढं नको." मला ते पटलं नाही. आज इतक्या वर्षांनी, दादाचं सगळं नीट झालेलं असताना, तो डॉक्टर न होताही सुखानं जगताना बघूनही, पूर्ण पटलेलं नाही. मला माझं टेबल हवं होतं. मी पाना पिशवीत टाकला आणि रडू आवरत वळकटी डोक्यावर घेतली.

जळकोटचे गृहस्थ टेबल सगळ्या बाजूंनी हलवून बघत होते. हलत नव्हतं. "लईच भक्कम केलं की वो," ते कौतुकानं म्हणाले, "पण पाय ठेवायला खाली पट्टी न्हाई टाकली?"

बाबांनी त्यांच्या मुलाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"मुद्दामच न्हाई टाकली," ते म्हणाले. "तुमी मुक्कामाला आलात, तर दोघं मावता खाली."